सुटे पैसे

नाणी व्यवहारातून जातात, पण भाषेतून जाण्यास त्यांना फार वेळ लागतो. दमडी आपल्यापैकी कोणी हाताळलेली नाही, तरी दिडदमडीची माणसे आपल्याला पावलोपावली भेटतात. चवली-पावली गेली, तिची कुरकुर मात्र राहिली. एखादी गोष्ट पूर्णपणे खरी असली तर ती आजही 'सोळा आणे' खरी असते, आणि मूळ वस्तूपेक्षा तिचा थाटच भारी पडू लागला म्हणजे चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला होतो. या म्हणीतल्या आण्यांची बेरीज बरोबर एक रुपया भरते, हे मला माझ्या आजीने दाखवून दिले होते. ती शाळेत गेली नव्हती. परंतु आकडेमोडीत तिला फसवण्याची कोणा दुकानदाराची छाती नव्हती, आणि पुढे चौतीस वर्षे राज्य शासनाच्या सेवेत हिशेबाच्या बाजूस काढताना मला तिची आठवण अनेक पदवीधरांसमोर बसून झालेली आहे.

आजीच्या या तयारीचे कारण तिच्या बुद्धीत जसे होते तसे तिच्या काळातही होते. नार्वे गावच्या एकाच घरात, एकाच चुलीपुढे बसून तिने तीन चलने पाहिली. पहिले पोर्तुगीज अमदानीतले रुपियाचे. एका रुपियाचे सोळा टांगा आणि एका टांग्याचे साठ रेइश, म्हणजे रुपियाचे नऊशे साठ रेइश. १९५८ साली सरकारने एश्कुद आणला. एका रुपियाला सहा एश्कुद आणि एका एश्कुदाला शंभर सेंताव. दशमान पद्धत आली खरी, पण सहाच्या पटीवर बसून आली. त्यामुळे नाणीही एक, तीन आणि सहा एश्कुदांची, आणि खाली दहा, तीस व साठ सेंतावांची. तीन एश्कुद म्हणजे आपले आठ आणे, हे बायकांनी चटकन ओळखले आणि बाजारात आण्यांतच बोलत राहिल्या. हे अंगवळणी पडते न पडते तोच डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला आणि पुढच्याच वर्षी भारतीय रुपया आणि नवे पैसे आले. उर्वरित भारतात १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले होते. त्याआधी तिकडेही सोळा आणे, चौसष्ट पैसे, एकशे ब्याण्णव पै असा हिशेब होता. पाच-सहा वर्षांच्या आत सोळा, सहा आणि शंभर अशा तीन पायांवर उभे राहून ज्या बाईने घर चालवले, तिला आपण अशिक्षित म्हणत होतो.

हे सारे आज लिहावेसे वाटले त्याला कारण आमची नात. ती सहा वर्षांची आहे, दूरच्या मोठ्या शहरात राहते आणि तेथील एका नावाजलेल्या शाळेत जाते. गेल्या एप्रिलमध्ये त्या शाळेने तिच्या प्रगतिपत्रकासोबत एक वेगळी चिठ्ठी जोडली. मुलीची अंकांची समज वयाच्या मानाने मागे आहे, तिला खास वर्गाची आवश्यकता आहे, तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी, असा तिचा आशय. सून घाबरली, मुलगा चिडला, आणि त्या दोघांच्या मधोमध उभी राहिलेली ती पोर आपल्यात काहीतरी कमी आहे एवढेच समजली. सुट्टीसाठी नार्व्यास आली तेव्हा पहिल्याच दिवशी तिने मला सांगितले, "आजोबा, मला मॅथ्स येत नाही." सहा वर्षांच्या मुलाने स्वतःविषयी असा निकाल दिलेला ऐकणे बरे वाटत नाही.

तिला काय येत होते? इंग्रजीतून शंभरापर्यंतचे आकडे ती गाडीच्या वेगाने म्हणत असे. वहीत सतरा लिही म्हटले की लिहीत असे. पण सतरा रुपये समोरच्या ताटलीतून काढून दे म्हटले तर हात थांबत असे. एकदा तर तिने सतरा नाणी मोजून दिली, त्यांत दहाचीही होती आणि एकाचीही. मोजणी अचूक आणि रक्कम भलतीच! यात तिचा दोष मला दिसेना. तिच्या घरी कोणी नाणे वापरतच नाही. २०१६ नंतर मोबाइलवरून पैसे देण्याची जी सोय झाली ती आपल्या साऱ्यांच्या अंगवळणी पडली आहे, मीही ती वापरतो, तिच्याविषयी माझी तक्रार नाही. परंतु मुलाच्या डोळ्यांनी पाहिले तर दुकानात काय घडते? आई मोबाइल एका चौकटीसमोर धरते, एक आवाज होतो आणि माल मिळतो. आमच्या ओसरीवर पहिल्यांदा दुकान मांडले तेव्हा नातीने पुठ्ठ्यावर काळ्या चौकोनांची नक्षी काढली, ती करवंदांच्या टोपलीला टेकवून ठेवली, तोंडाने आवाज काढला आणि टोपली उचलून चालू लागली. किती रुपये झाले, हा प्रश्न त्या खेळात कोठे येतच नव्हता.

तिचा सवंगडी मिळाला तो अगदी विरुद्ध टोकाचा. आमच्या घरामागच्या खोल्यांत खानापूरकडचे एक कुटुंब भाड्याने राहते. बाई भाजी विकते, शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात आणि इतर दिवशी डिचोलीकडे. तिचा मुलगा सात वर्षांचा. शाळेच्या पटावर त्याचे नाव आहे, पण बाजाराच्या दिवशी तो आईबरोबर असतो आणि बाजाराचे दिवस पुष्कळ असतात. तेवीस रुपयांची भाजी घेऊन तुम्ही पन्नासाची नोट पुढे केली तर हा मुलगा तुमच्याकडे न पाहता सत्तावीस रुपये हातावर ठेवतो. मात्र पाटीवर सत्तावीस लिही म्हटले की कधी २७ लिहितो, कधी ७२, आणि दोन्ही वेळा सारख्याच आत्मविश्वासाने. वजाबाकीची मांडणी दिली तर तो अंग चोरून बसतो.

हे काही माझ्या ओसरीपुरते नवल नव्हे. ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ आणि फळे विकणाऱ्या मुलांचा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला होता. गाड्यावर बिनचूक हिशेब करणारी ती मुले कागदावरच्या त्याच उदाहरणांत अडखळत होती. अलीकडे, २०२५च्या आरंभी, नोबेल पुरस्काराचे मानकरी अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर डुफ्लो यांनी सहकाऱ्यांसह कोलकाता आणि दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या मुलांविषयीचा अभ्यास 'नेचर' या नियतकालिकात मांडला. बाजारातल्या मुलांचे शाळेच्या गणितात अडते, हे तर दिसलेच. पण शाळेत नियमित जाणाऱ्या मुलांचे बाजारातल्या गणितात अडते, हेही दिसले. एक ज्ञान आपसूक दुसऱ्यात उतरत नाही. एवढी दोन टोके माझ्या ओसरीवर एकाच चटईवर बसलेली असताना मला दुसरा उद्योग शोधण्याची गरज नव्हती.

प्रथम मी नाणी जमवली. घरातले डबे, देव्हाऱ्यामागची वाटी, जुन्या विजारींचे खिसे आणि गावातल्या किराणा दुकानदाराचा गल्ला, असे करून शे-सव्वाशे नाणी झाली. साबणाच्या पाण्यात धुवून उन्हात वाळवली. शेजारचे दीड वर्षांचे बाळ रांगत येत असे आणि ज्या वयात सर्व वस्तूंची परीक्षा जिभेने होते त्या वयात नाणे हा धोक्याचा जिन्नस आहे, म्हणून खेळ सुरू होताना आणि संपताना नाणी मोजून नोंद ठेवण्याचा नियम केला. सायंकाळी रोकड जुळल्याशिवाय कोणी उठायचे नाही. आयुष्यभर हेच केलेल्या माणसाला हा नियम सुचणे स्वाभाविकच. पण गंमत अशी की मुलांना खेळापेक्षा ही जुळवणीच अधिक आवडू लागली.

पहिले काही दिवस संख्येचे नावही काढले नाही. खणाच्या एका पिशवीत नाणी घालून हात आत घालायचा आणि न पाहता नाणे ओळखून बाहेर काढायचे. आमच्या लहानपणी हा खेळ फारच सोपा झाला असता. त्या वेळचा एक पैसा चौकोनी, दोन पैसे पाकळ्यांच्या कडेचे, तीन पैसे षटकोनी, पाच पैसे पुन्हा चौकोनी पण मोठे, दहा पैशांना पुन्हा पाकळ्या. आंधळ्यालाही हाताने दुकान चालवता यावे अशी ती सोय होती. ती सारी नाणी, पंचवीस पैशांसकट, २०११च्या जूनअखेर चलनातून गेली. आज खिशात येणाऱ्या नाण्यांची कहाणी मात्र विचित्र आहे. २००७ साली हाताच्या मुद्रेचे जे एक रुपयाचे नाणे निघाले त्याचा व्यास पंचवीस मिलिमीटर. २०११ साली रुपयाच्या नव्या चिन्हासह दोन रुपयांचे जे नाणे निघाले त्याचाही व्यास पंचवीसच मिलिमीटर, धातू तोच आणि वजनही तेच. त्याच मालिकेतले पाच रुपये मात्र तेवीस मिलिमीटर, म्हणजे दोनापेक्षा लहान! मोठे ते अधिक, हे मुलाचे पहिले गणित. ते येथे खोटे ठरते आणि मुलाला वाटते आपलेच चुकले. ७ मार्च २०१९ रोजी दृष्टिहीनांच्या सोयीची नवी मालिका प्रसृत झाली तेव्हा हे क्रमाने लावले गेले. एक रुपया वीस मिलिमीटर, दोन रुपये तेवीस, पाच रुपये पंचवीस, दहा रुपये सत्तावीस, आणि वीस रुपयांचे नाणे बारा कोनांचे. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी केलेली ही व्यवस्था सहा वर्षांच्या डोळस मुलांनाही तितकीच उपयोगी पडते, असे मला त्या पिशवीने शिकवले. अडचण एवढीच की जुन्या-नव्या साऱ्याच मालिका एकत्र फिरत आहेत आणि गल्ल्यात त्यांची सरमिसळ झालेली आहे. भाजीवालीचा मुलगा आकारावर मुळीच विसंबत नसे. तो नाणे बोटांत फिरवून कड चाचपत असे. त्याचे पाहून नातही तसे करू लागली आणि चार दिवसांत बिनचूक झाली.

मग कागदाखाली नाणे ठेवून पेन्सिलीने घासून छाप उठवण्याचा खेळ. आपण सर्वांनीच लहानपणी तो केलेला आहे. त्यात मुलाचे लक्ष नाण्यावरच्या आकड्याकडे जाते आणि चिन्ह व वस्तू यांची गाठ पडते. भाजीवालीच्या मुलाने आयुष्यात प्रथमच ५ हा आकडा रस घेऊन पाहिला तो या छापात. ज्या आकड्याला तो पाटीवर घाबरत असे तो आपण रोज हाताळतो त्या नाण्यावरच बसलेला आहे, याचे त्याला मोठे आश्चर्य वाटले. त्याने पंधरा-वीस छाप उठवून खोलीच्या भिंतीवर चिकटवले.

खरी चढण येते ती यानंतर. एक नाणे हे पाच नाण्यांच्या बरोबरीचे असू शकते, ही गोष्ट आपल्याला इतकी उघड वाटते की ती शिकवावी लागते हेच आपण विसरतो. मुलाच्या दृष्टीने पाच गोष्टी एका गोष्टीहून अधिकच असतात. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी दाखवून दिले आहे की त्याच वस्तूंची ओळ पसरून लांब केली तरी लहान मुलाला त्या वाढल्यासारख्या वाटतात. तेव्हा केवळ 'हे पाचाचे आहे, लक्षात ठेव' म्हणून भागत नाही. मे महिना होता, घरात काजूच्या बिया वाळत घातलेल्या होत्या. एक बी म्हणजे एक रुपया असे ठरले. पाच बियांची एक करवंटी, आणि करवंटी भरली की तिच्यावर पाच रुपयांचे नाणे झाकण म्हणून ठेवायचे. दोन करवंट्या एका सुपलीत आल्या की वर दहाचे नाणे. दोन-तीन दिवस मुले झाकण उचलून आत पाच आहेत ना, हे पुन्हा पुन्हा पाहत होती. मी पाहू दिले. नंतर एके दुपारी नात म्हणाली, "आता आत बघायला नको, आजोबा, आत पाचच असणार." त्या क्षणी तिच्या हातातले नाणे पाच रुपयांचे झाले. त्याआधी ते पिवळे होते इतकेच. बोर्डीला १९४५ मध्ये आणि पुढे कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचे जे काम उभे केले, त्यात विकतच्या साधनांऐवजी खडे, बिया, पाने यांवर भर होता. ते काटकसरीपोटी झाले असे मी समजत असे. बिया मुलाच्या ओळखीच्या असतात, हे त्यामागचे अधिक मोठे कारण असावे.

दुकान मांडले तेव्हा माल घरचाच होता. करवंदे, जांभळे, चार हिरव्या कैऱ्या, आमसुलांची पुडी. भाव मुलांनीच ठरवले आणि ते अर्थातच अव्वाच्या सव्वा ठरवले. येथे गुरुपद माझ्याकडून भाजीवालीच्या मुलाकडे गेले. मोड परत देण्याची त्याची रीत शाळेत शिकवतात तशी वजाबाकीची नव्हतीच. तेरा रुपयांच्या मालाला वीस रुपये आले की तो तेरापासून पुढे मोजत असे. एक रुपया ठेवून चौदा, आणखी एक ठेवून पंधरा, आणि पाचाचे नाणे टेकवून वीस. बेरजेनेच वजाबाकी उरकत असे. हातचा घेणे नाही, उसने नाही, खाडाखोड नाही. आजीही असेच करीत असे. आणि ते सहा एश्कुदांच्या रुपियाला जसे चालले तसे शंभर पैशांच्या रुपयालाही चालले. नातीला ही रीत एका सकाळीत आली. शाळेतल्या पुस्तकात तिला जी उभी वजाबाकी सुटत नव्हती तीच आता ती नाणी टेकवून सोडवू लागली, आणि आपण जे करतो आहोत ती वजाबाकीच आहे हे तिला मी बरेच दिवस सांगितले नाही.

याच दुकानात मराठी अंकांचा एक जुना वाद अनायासे समोर आला. वाचकांना स्मरत असेल, २०१९ साली महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीस यांबरोबर 'वीस एक', 'वीस दोन' अशी वाचनाची रीत आली आणि मोठे वादळ उठले. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी तिची बाजू शांतपणे मांडली होती. मराठीत सत्तावीस म्हणताना सात आधी आणि वीस मागून येतात, लिहिताना मात्र २ आधी आणि ७ मागून. मुलांचा घोटाळा येथे होतो, असे त्यांचे म्हणणे होते. त्या वेळी आपल्यासारख्या जुन्या घरांतून त्या बदलाची बरीच थट्टा झाली. माझ्या ओसरीवर २७ आणि ७२ यांत अडकलेला मुलगा पाहिल्यावर मला त्या म्हणण्यातले तथ्य दिसले. मी त्याला दहाची दोन नाणी डाव्या हाताला आणि एकाची सात उजव्या हाताला मांडायला लावली आणि आकडे त्या नाण्यांच्या खाली लिहायला लावले. वीस आणि सात. मग तोंडाने सत्तावीस. आठवड्याभरात ७२ बंद झाले.

तरीही जुने शब्द सोडावेत असे मला वाटत नाही, आणि त्याला कारण 'एकोणतीस' हा शब्द आहे. एकोण म्हणजे एक उणे. तिसाला एक कमी. नातीने तीस रुपये देऊन करवंदांचे एकोणतीस चुकते केले आणि एक रुपया परत घेतला, तेव्हा ट्वेन्टी नाइन या शब्दात जे नाही ते एकोणतीस या शब्दात तिला हाताने सापडले. मग तिने एकोणीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास असे सारे भाव लावून पाहिले आणि नव्याण्णवपाशी येऊन थांबली. "हे एकोणशंभर का नाही?" असे तिने विचारले. याचे उत्तर भाषापंडितांनी द्यावे. मी तिला गूळ दिला.

नार्व्यासारख्या गावात राहून नाण्यांचा विषय निघावा आणि सप्तकोटीश्वराचे नाव निघू नये, हे शक्य नाही. गोव्याच्या कदंब राजांचे हे कुलदैवत. त्यांच्या सुवर्णनाण्यांवर सिंहाची आकृती आणि नागरी लिपीत सप्तकोटीश्वराच्या वरप्रसादाचा उल्लेख आढळतो. देवाचे मूळ स्थान दिवाडी बेटावरचे. बहामनींच्या काळात ते मोडले, विजयनगरच्या काळात पुन्हा उभे राहिले आणि सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी पाडले. लिंग नदीपलीकडे आमच्या या नार्व्यात आले आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी देवालयाचा जीर्णोद्धार केला. दरवाज्यावरचा शिलालेख त्याची साक्ष देतो. अलीकडे शासनाने पुन्हा जीर्णोद्धार करून २०२३च्या फेब्रुवारीत देवालय खुले केले. मुलांना मी तिथे नेले ते इतिहास शिकवण्यासाठी नव्हे. पण या देवाचे नाव कधीकाळी सोन्याच्या नाण्यावर होते, असे सांगितल्यावर दोघेही थबकले. कदंब बसवर सिंह का असतो, हे त्यांना तेथे कळले. भाजीवालीच्या मुलाने विचारले, "त्या नाण्याला भाजी किती यायची?" अर्थशास्त्राचा पाया या प्रश्नातच आहे, पण तेवढे सविस्तर उत्तर देवळाच्या पायरीवर देता येण्यासारखे नव्हते.

आमच्या देव्हाऱ्यात एक शिवराई आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असेल. पिढ्यान्‌पिढ्या घरे बदलली, प्रांत बदलले, तरी देवांबरोबर ती गाठोड्यातून आली. घरी परतल्यावर ती मुलांच्या हातावर ठेवली. चिंचेने घासून लखलखीत करण्याचा नातीचा बेत मी मोडून काढला. जुन्या तांब्यावर चढलेला रंग घालवू नये. तिने अक्षरे लावून लावून 'श्री राजा शिव' वाचले, उलट बाजूचे 'छत्र पति' वाचले आणि नाणे फिरवून फिरवून पाहिले. मग म्हणाली, "पण आजोबा, हे कितीचं? यावर नंबरच नाही." खरोखरच नसतो. आकडा न लिहिता धातू आणि वजन यांवर नाणे चालत होते, खोट्या-खऱ्याची पारख सराफ करीत होता. आज स्टेनलेस स्टीलच्या चकतीवर २ लिहिले म्हणून ती दोन रुपये होते आणि १ लिहिले म्हणून एक. वजन तेच असले तरी! पिशवीतल्या त्या दोन फसव्या नाण्यांचे कोडे तिचे तिनेच येथे सोडवले, मी फक्त ती दोन्ही नाणी शिवराईशेजारी ठेवली होती.

जूनच्या पहिल्या आठवड्यात नात परत गेली. जाण्याच्या आदल्या दिवशी तिने आईला दूरध्वनीवर सांगितले की तिला दुकान येते. 'मॅथ्स येते' असे ती म्हणाली नाही. शाळेने सुचवलेली तपासणी करायची की नाही यावर मुलगा आणि सून यांचे अद्याप एकमत नाही. मी एवढेच सुचवले की तपासणी करायचीच असेल तर तिच्यासमोर कागदाबरोबर मूठभर नाणीही ठेवावीत. सून म्हणाली, "बाबा, तिथे तसं चालत नाही." चालत नसेलही.

भाजीवालीच्या मुलाची गोष्ट अधिक कठीण आहे. शाळा उघडण्याच्या सुमारास मी त्याच्या आईला गाठले आणि यंदा त्याला रोज पाठवा असे सांगितले. ती टोपली बांधत होती. "पाठवायचं तर हाय, काका," ती म्हणाली, "पण माझ्यासंगं हिशेबाला कोण? मला तर आकडा येत नाय. गिऱ्हाईक फोन दावतं, पैसे गेले म्हणतं. खरं का खोटं, हाच बघतो." तिच्या धंद्याला तो मुलगा दहा-वीस रुपयांच्या मोडीपेक्षा अधिक उपयोगाचा होता. हिशेब येतो म्हणूनच त्याची शाळा बुडत होती. यावर माझ्याकडे व्याख्यान नव्हते. पुष्कळ बोलणे झाल्यावर असे ठरले की सोमवार ते गुरुवार तो शाळेत जाईल, शुक्रवारी आईबरोबर म्हापशाला, आणि तिने दुपारी तासभर आमच्या ओसरीवर यावे. ती येते. काजूच्या बिया तिला हास्यास्पद वाटल्या, करवंट्या तर तिने बाजूलाच सारल्या. मोबाइलच्या पडद्यावरचा आकडा ओळखणे एवढेच तिला हवे आहे, आणि आम्ही तेथूनच सुरुवात केली आहे. छाप उठवण्याचे काम तिचा मुलगा तिच्याकडून करवून घेतो आणि चुकले की तिच्यावर डाफरतो.

गोकुळाष्टमीच्या जत्रेत मी त्या मुलाला पन्नास रुपयांची नाणी दिली आणि कागदावर खर्च लिहून आण म्हणून सांगितले. खाजे वीस, फुगा दहा, बहिणीला बांगड्या पंधरा, असे त्याने तिरप्या अक्षरांत लिहून आणले आणि उरलेले पाच रुपये माझ्यापुढे ठेवले. बेरीज मात्र कागदावर केलेली नव्हती. ती केव्हाच डोक्यात झाली असल्याने कागदावर पुन्हा कशाला, असे त्याचे म्हणणे होते.

चतुर्थीला नात येणार आहे. त्या वेळच्या दुकानासाठी वीस रुपयांची नाणी हवी होती, म्हणून डिचोलीला बँकेत जाऊन आलो. रोखपालाने माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिले आणि पाचच दिली. आणखी मागवली आहेत.